हुज्जत घालू नये

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे सचिवसाहेब, खजिनदारसाहेब, आजचे प्रमुख पाहुणे, समोर बसलेल्या माता-भगिनी, मागे उभी राहून मोबाइल बघणारी तरुण मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले वॉचमन शिट्टीराव आणि वहिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? विचारलेलं बरं. मला माइकची सवय नाही. मी चौथी नापास माणूस, धंद्याने पेंटर. अक्षरं मी वाचून कमी शिकलो, रंगवून जास्त. निघताना सूनबाईंनी बजावलंय, "बाबा, दोन मिनिटं बोला, गोड बोला आणि बसा. तुमचं बीपी आहे, आणि आपल्याला याच इमारतीत राहायचंय." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून भाषण लिहून आणलंय. पण मला सवय पाटीच्या मोठ्या अक्षरांची, कागदावरचं हे बारीक अक्षर मलाच वाचता येत नाही. तेव्हा तो खिशात ठेवतो.

सचिवसाहेब आत्ताच म्हणाले, आपली वसाहत शिस्तीची आहे. असेल. त्या शिस्तीच्या सगळ्या पाट्या मीच रंगवल्यात. 'जिन्यात थुंकू नये.' 'भिंतीला पाय लावून उभे राहू नये.' 'अंगणात वाहन चालवू नये.' कुणी काही वाकडं वागलं की आपण काय करतो? सभा भरवतो, तिथे एकमेकांवर ओरडतो, चहा पितो आणि पेंटरला बोलावतो. थुंकणारा थांबलाय का? छे! आता तो पाटीवर थुंकतो. मग तेरावी पाटी झाली, 'पाट्या विद्रूप करणाऱ्यावर कारवाई होईल.' तीही मीच रंगवली. लाल अक्षरात.

पण पाटीला तोंड नसतं. तोंड लागतं माणसाचं, आणि ते बावीस वर्षं शिट्टीरावांचं होतं. पाटी आपली, शिव्या त्यांना. "ए, तू कोण मला सांगणारा? आमच्या पैशावर पगार घेतोस!" हे वाक्य या सभागृहात किती जणांनी म्हटलंय? हात वर करू नका, पंख्याला लागतील.

मला पाणी द्या जरा. हं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तीन तरुण रोज संध्याकाळी अंगणात मोटारसायकली गरगर फिरवत. तिथे लहान मुलं खेळतात. बायका वरून ओरडायच्या, "अहो शिट्टीकाका, बघा की जरा!" काका बघायचे. दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं, कमिटीला तीन अर्ज दिले. उत्तर काय आलं? "तरुण पोरं आहेत, होतंच असं." आणि त्या दिवशी एका चिमुरडीची तीनचाकी सायकल चाकाखाली चुरडली. पोर पाणी प्यायला घरात गेली होती म्हणून वाचली. घोटभर पाण्याचा हिशेब, मंडळी!

शिट्टीराव तोंडात शिट्टी धरूनच धावले आणि त्यांनी मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. बस, एवढाच गुन्हा. पुढचा ठोसा शिट्टीवर बसला. लोखंडी शिट्टी, ती दातांतून आत गेली. समोरचे तीन दात पडले. मग माणूस खाली आणि लाथा वर.

वाजले होते साडेपाच. सगळे घरात होतात. मी खिडक्या बंद होताना ऐकल्या. एक, मग दुसरी, मग पटापट.

तुम्ही म्हणाल, म्हातारबा, तू कुठे होतास? मी गेटच्या खांबावर नंबर रंगवत होतो. वीस पावलांवर. शिडीवरून उतरलो, आणि मी काय केलं सांगू? आधी डब्याचं झाकण लावायला घेतलं. रंगावर साय धरते म्हणून. ते झाकण बसेना. मी ते दाबत राहिलो. इकडे दाबलं की तिकडे उचलायचं. मारून होईपर्यंत मी झाकणच लावत होतो. पन्नास वर्षं मला झाकण दोन सेकंदांत बसवता येतं.

राहू दे. रडत नाहीये मी, डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

पुढे काय झालं? सभा झाली. सचिवसाहेब म्हणाले, "तक्रार करून काय उपयोग? साक्षीदार नाही आणि कॅमेरा त्या दिवशी नादुरुस्त होता." बरोबर ना साहेब? पण मग त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्यासमोर, झाडूवालीने कचऱ्याची पिशवी ठेवली म्हणून तिचा फोटो फलकावर कसा लागला? फोटोवर वेळ आहे, पाच वाजून दहा मिनिटं. वीस मिनिटांत कॅमेरा आजारी पडला? कुठलं दुखणं हो हे, जे गरिबाला बघताना होत नाही आणि खजिनदारांच्या चिरंजीवांना बघताना होतं?

नाही, खजिनदारसाहेब, बसा. तुम्ही पंधरा मिनिटं बोललात, मी मध्ये उठलो नाही.

त्या सभेत एक ठराव मात्र एकमताने झाला. चौदावी पाटी. 'वॉचमनने रहिवाशांशी हुज्जत घालू नये.' लावायची कुठे? वॉचमनच्याच खोलीच्या दारावर. आणि ती रंगवली कुणी? या हाताने. मी अक्षरं काढत होतो तेव्हा वहिनी आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, थोडं खाली लावा. वर लावलीत तर यांना मान वर करवत नाही अजून." तो चहा मी प्यायलो. कसा प्यायलो ते मला विचारू नका.

आणि आज हा निरोप. हे भिंतीवरचं घड्याळ भेट, हे मानपत्र. त्यात लिहायला सांगितलं होतं, 'स्वेच्छेने निवृत्त.' शिट्टी वाजवता येत नाही म्हणून ज्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली, त्याची ही स्वेच्छा! मानपत्र रंगवायला माझ्याकडेच आलं होतं. तेवढा 'स्वेच्छेने' हा एक शब्द मी सोडलाय. जागा रिकामी दिसेल. सचिवसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात भरावी.

संपवतो. सूनबाई डोळे वटारतायत.

आज सकाळी दहा वाजता मी काळा रंग घेऊन गेलो आणि ती चौदावी पाटी काळी करून टाकली. हे बघा, नखात अजून रंग आहे. तेराव्या पाटीप्रमाणे माझ्यावर कारवाई झालीच पाहिजे. उद्या सकाळी दहाला मी पोलीस चौकीवर बसलेला असेन. कमिटीने यावं आणि माझी तक्रार करावी. सोबत त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणावं. आजचं आणाल तेव्हा गेल्या महिन्याचंही आणा. आणि नाही आणलंत तरी चालेल. साक्षीदार नाही म्हणालात ना? मी आहे. तिघांची नावं मला पाठ आहेत. इथे घेत नाही, तिथे घेईन.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. तुम्ही बसून ऐकलंत, तुमचेही. भाषणात अधिकउणं झालं असेल तर क्षमा मागायची रीत आहे. सभेची मी मागत नाही. शिट्टीराव, तुमची मागतो. महिनाभर उशीर झाला.

आणि हो, काळ्या रंगाचा डबा गेटपाशीच आहे. आज मी त्याचं झाकण लावलेलं नाही.