उन्हाळ्यात आम्ही खाली

कॅरिस: ...आणि आई, ही सज्ज्याची नक्षी बघ. सगळं ओतीव लोखंड आहे, जसंच्या तसं. शंभरावर वर्षांपूर्वीच्या राणीच्या काळातलं काम, म्हणून टिकलंय.

ग्लेनिस: दर चार वर्षांनी रंग मारतात म्हणून टिकलंय. खारा वारा राणीला जुमानत नाही.

ह्यू: कॅरिस, आज आईंच्या वाटेला जाऊ नकोस.

ग्लेनिस: माझे पाय दुखतायत, ह्यू. आपण ऑगस्टच्या सुट्टीत लँडुडनोला समुद्रावर म्हणून आलो. नातवंडं तिकडे त्यांच्या आत्याबरोबर वाळूत खेळतायत, आणि मी इथे लोकांची दारं बघत फिरतेय.

कॅरिस: मला वाटलं, तुला बरं वाटेल. तू इथेच वाढलीस.

ग्लेनिस: हो ना. आणि या सत्तावीस नंबरच्या घरासमोर आपण सकाळपासून तिसऱ्यांदा उभे आहोत. का?

ह्यू: सांगून टाक.

कॅरिस: ह्यू, आपलं ठरलं होतं, आधी जेवण, मग बोलणं.

ह्यू: अकराला एजंटबाई किल्ली घेऊन येतायत. पावणेअकरा झालेत. जेवणापर्यंत कसं लपवणार आहेस?

ग्लेनिस: कसली किल्ली?

कॅरिस: या घराची. विकायला काढलंय, आई. आम्ही दोनदा येऊन बघून गेलो. आमचा फ्लॅट आणि तुझा बंगला विकला तर घेता येतं. सगळे एकत्र राहू. वरच्या सहा खोल्या सुट्टीला येणाऱ्या लोकांना द्यायच्या, सकाळचा नाश्ता आपण करायचा. आजी चालवायची ना, अगदी तसं. आणि तुला खालची खोली. जिना चढायला नको, स्वतःचं वेगळं दार...

ग्लेनिस: ते मागच्या अंगणात उघडतं. सात पायऱ्या उतरून. आत शिरलं की डाव्या हाताला कोळशाची खोली.

कॅरिस: तू या घरात आली होतीस?

ग्लेनिस: नाही. पण ही सगळी रांग एकाच माणसाने बांधलीय. आमचं पुढच्या गल्लीतलं घरही त्याचंच.

ह्यू: आता सहाच पायऱ्या आहेत. एक बुजवलीय.

ग्लेनिस: बरं झालं.

कॅरिस: असं काय बोलतेस? तूच तर सांगायचीस, खाली सगळे एका ओळीत झोपायचात, एम्लिनमामाचे पाय तुझ्या नाकाशी यायचे, हसून हसून पुरेवाट व्हायची. किती गोष्टी सांगितल्यास मला.

ग्लेनिस: तुला झोपवायला सांगायचे मी त्या. झोपणाऱ्या लेकराला दुसरं काय सांगणार?

कॅरिस: म्हणजे खोट्या?

ग्लेनिस: अर्ध्या. मे सरता सरता पहिले पाहुणे आले की आमच्या गाद्या खाली तळघरात जायच्या. माझ्या खोलीत मँचेस्टरचं कोणीतरी झोपायचं. सप्टेंबरपर्यंत आम्हा पोरांनी वर पाऊल टाकायचं नाही. जिन्यात दिसायचं नाही. खोकला आला तर उशीत तोंड घालायचं. या गल्लीत घरोघरी हेच. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

ह्यू: पाहुण्यांना माहीत नसायचं?

ग्लेनिस: त्यांनी पैसे मोजलेले असायचे. त्यांना शांतता हवी असायची. एका ऑगस्टमध्ये एम्लिनला गोवर आला. सहा वर्षांचा होता. मंगळवारी त्याचा कान ठणकायला लागला.

कॅरिस: आई, मामा तर जन्मापासूनच बहिरा आहे.

ग्लेनिस: आजी तसं सांगायची. मग मीही तेच सांगत आले. त्या मंगळवारपर्यंत त्याला छान ऐकू येत होतं. ट्रॅम डोंगरावर निघाली की घंटा ऐकून धावत सुटायचा.

ह्यू: डॉक्टरला नाही बोलावलं?

ग्लेनिस: बोलावलं की. शनिवारी. जुने पाहुणे शनिवारी सकाळी जायचे, नवे दुपारी यायचे. मधल्या दोन तासांत बोलावलं. भर हंगामात दारात डॉक्टरची गाडी दिसली असती, तर संध्याकाळपर्यंत घर ओस पडलं असतं.

ह्यू: चार दिवस?

ग्लेनिस: हो. रात्री तो रडायला लागला की मी त्याच्या तोंडावर हात ठेवायचे. तसं आईने सांगितलं होतं. दहा वर्षांची होते मी.

कॅरिस: आजी तशी नव्हती.

ग्लेनिस: नव्हतीच. चांगली होती. हिवाळ्यात आम्हाला काय खायला घालायचं, या घोरात असायची. म्हणून तर तिच्यावर मला कधी धड रागावताही आलं नाही.

कॅरिस: पण आता काय त्याचं? पासष्ट वर्षं झाली. आता फोन आहेत, दवाखाना दहा मिनिटांवर आहे. ह्यूची नोकरी जाऊन दोन वर्षं होतील. मी रोज त्या घराचे फोटो बघून झोपते. दुसरा कुठला मार्ग दिसतोय तुला? दिसत असेल तर सांग, मी ऐकते.

ग्लेनिस: मी एकच विचारते. ऑगस्टमध्ये तुझ्या सहाही खोल्या भरल्या. कॅडी आणि मेरियन, तुझ्या दोघी पोरी, कुठे झोपणार?

कॅरिस: ते बघू की. तेव्हाचं तेव्हा.

ग्लेनिस: कुठे?

ह्यू: तुमच्याजवळ. खाली. फक्त शाळेच्या सुट्टीपुरतं.

कॅरिस: तात्पुरतं, असं तू म्हणाला होतास.

ह्यू: आपण दोघंही म्हणालो होतो, कॅरिस.

(रस्त्याच्या टोकाशी एजंटबाई दिसतात. दुरूनच हात हलवतात. कोणी उलट हात हलवत नाही.)

ग्लेनिस: बंगला मी विकणार नाही. आजच सांगते, म्हणजे तू उगाच आस लावून बसणार नाहीस. चिडायचं असेल तर चीड.

कॅरिस: चिडलेय मी. खूप चिडलेय.

ग्लेनिस: ठीक आहे.

कॅरिस: आणि पोरींना तिथे झोपवायचं, हे मला इतकं सोपं वाटलं, याचं काय करू? जा ह्यू, एजंटबाईंना सांग, चुकून बोलावलं म्हणावं. परत जा म्हणावं.

ग्लेनिस: थांब. एवढ्या लांबून आल्यात बिचाऱ्या. आत जाऊन येऊ. मला हात दे, अगदी वरच्या मजल्यावर जायचंय.

कॅरिस: आता कशाला? तुझे पाय दुखतायत ना?

ग्लेनिस: ऑगस्टमध्ये तिथून समुद्र कसा दिसतो, ते मी कधी पाहिलेलं नाही.