कोणी न मागितलेलं दार

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या अंगाचं, नदी ओलांडली का तिकडं महाराष्ट्र. मायबाप दोघंई दुसऱ्याच्या वावरात. माय कापूस वेचाले जाये तं मले संगं नेये, अन् मालकाच्या घरी काई काम पडलं का आमी समोरून नाई जावाचं, गोठ्याच्या बाजूनं एक बुटकं दार होतं, तिथून वाकून आत, अन् आंगनाच्या कोपऱ्यात बसाचं. हाकलत कोणी नवतं बरं का, खोटं काऊन बोलू, कोणी काई म्हनतच नवतं, आमचे पायच तिकडं वळत.

बापाचं एकच, पोरगी शिकली पाह्यजे. शिकली मी. हैदराबादेत आर्किटेक्ट झाली, वापस आदिलाबादले आली, अन् शहराले लागून मावल्यात एका खोलीत आपिस टाकलं. पाटीवर आडनाव नाई लिवलं, आता सांगाले बसलीच हावो तं हेई सांगून टाकते. आमी बौद्ध, वास्तू मानत नाई, पन गिऱ्हाईक म्हने देवघर ईशान्येले पाह्यजे, मी म्हने हो, ईशान्येलेच. असं करत करत काम वाढलं. नेरडीगोंड्याचा दवाखाना आमी केला, शाळेच्या खोल्या केल्या, आता पाटीवर आडनाव बी हाय. आपिसात आमच्यातले पोरं-पोरी, एक गोंडाची पोरगी, एक मुसलमान इंजिनेर. अन् इतवारी मजुराईच्या घराचे नक्शे फुकट, हे आमी कवा चुकवलं नाई.

मंग आमच्या गावाचे सरपंच आले. म्हने मॅडम, गावाले हाल बांधाचा हाय, लग्नं, बारसे, मिटिंगा, सर्वायचा एकच हाल, नक्शा तुमीच काहाडा. येवढंच म्हनले. मी म्हनलं एक रुपया घेनार नाई, माह्या गावाचं काम हाय.

काय सांगू ताई तुमाले, लई मनापासून केलं मी थे. मोठ्या रस्त्यावर दोन कवाडांचं रुंद दार, वर दगडाची कमान. त्या हालले हैदराबादेत बक्षीस भेटलं, शाल घातली, अन् एक मोठे साहेब स्टेजवरून म्हनले का मागच्या वस्तीकडं जे लहान दार देल्लं, त्याच्यानं हवा खेळते अन् वस्ती जोडल्या जाते. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी मान हालवली.

मंग गावात उद्घाटन झालं. मी समोर खुर्चीवर, अन् पाह्यते तं माय आमच्या वस्तीतल्या बायाईसंगं त्या मागच्या दारातून येऊन राह्यली. डोक्यावरचा पदर धरून, वाकून.

घरी आल्यावर मले म्हने, हे दार कोनं सांगतलं? सरपंचानं? म्हनलं नाई. पाटलानं? नाई वं. मंग कोनं? मी म्हनलं वारा याव म्हून ठेवलं. माय म्हने, वारा तं खिडकीतून येते. वाऱ्याले वाकाव लागते का वं?

दुसऱ्या दिवशी आपिसात जाऊन मी नक्शा उघडून बसली. समोरचं दार सात फूट, अन् वस्तीकडचं साडेचार. काऊन साडेचार? साडेचार फुटाचं दार मी आजवर कोणाच्याच घराले देल्लं नाई, कोंबड्याच्या खुराड्याचा नक्शा काहाडला असता तरी इचार केला असता. इथं केलाच नाई. हात आपोआप गेला, अन् आपल्याच लोकाईले मागून आनलं मी, तेई वाकवून. सांगतलं असतं कोणी तं त्याच्याशी भांडली असती. दोष कोणावर घालू आता?

मिस्त्री घेऊन गेली दार बुजवाले. तं वस्तीतल्या बाया आडव्या आल्या. म्हने काऊन बुजवता, आमाले जवळ पडते, आमचं दार हाय थे. आमचं दार! जिमिनीत गडप व्हाव असं वाटलं मले. बुजवू तं त्याइचं दार घेतल्यासारखं, ठेवू तं माही लाज तशीच उभी. शेवटी मिस्त्रीले म्हनलं, उंच कर, सात फूट कर. आता कोणाले वाकाव लागत नाई. माय पाह्याले आली, वर पाह्यलं, खाली पाह्यलं, म्हने उंच केल्यानं का थे समोरचं होते?

तवापासून तिचं असं हाय, हालात काई असलं का माय वस्तीतून निंगते, पूर्‍या गावाले वळसा घालते, मोठ्या रस्त्यानं येते अन् समोरच्या दारातून आत जाते. गुडघे गेले तिचे, चार जागी बसते. मागच्या आठवड्यात एक लगन होतं, मी म्हनलं माय हात दे, धरून नेते. तं हात झटकला. म्हने, तू जाय न तुह्या दारानं.

नाई गेली मी. दोन पावलांचं अंतर ठेवून तिच्या मागून चालली. काय करता ताई, माय हाय, अन् खोटं काई बोलली नाई. तिचे गुडघे तेवढे टिको.