रांगेत शिरलेला टकल्या

दिवाळीच्या आदल्या दिवशी कुंभकोणमच्या बाजारात कॉफीपूड दळून घ्यायला ही रांग लागलेली. विजयराघव हळूच मध्ये शिरले, आणि मागून चक्क मराठी बोलणं कानावर आलं. इथे आपली भाषा कुणाला कळतेय, या भरवशावर आत्या-भाची खुशाल मोठ्यानं बोलत होत्या.

"तुळसी, तो टकल्या बघ, कसा घुसला!"

"आत्या, घुसला म्हणू नकोस. रांग ही वरच्यांनी खालच्यांवर लादलेली असते."

"मद्रासच्या कॉलेजात हे शिकवतात?"

"बरोबर-चूक असं काही नसतंच गं. सगळा सत्तेचा खेळ. आधी तो कोण, ते बघायचं."

"म्हणजे गरीब असला तर घुसला नाही?"

"नाही."

"आणि आपल्यातला असला तर?"

"तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारी घराण्यातला? मग तर घुसलाच!"

"अगं, घुसणं एकच ना? माझी कॉफी दोन्हीकडून उशिराच मिळणार!"

तुळसीला हसू आवरेना. विजयराघवांनाही राहवेना. ते वळले.

"बाई, हा टकल्या आपल्यातलाच."

"अगंबाई!" आत्यानं तोंडाला पदर लावला. "कुठले तुम्ही?"

"पापनाशमचे."

"माझं माहेर तिथलंच की! मग उद्या फराळाला घरी यायचं. नाही म्हणायचं नाही."

"येतो, नक्की येतो!" विजयराघव खुलले आणि पुन्हा पुढे तोंड करून ऐटीत उभे राहिले.

"अहो, ते उद्याचं," आत्या म्हणाली. "आत्ता मागे जा. रांग तिकडे संपते."