आजोबांचे नऊ

कसबा पेठेत गॅसच्या नंबरासाठी रांग लागली होती. निवृत्त कारकून श्यामसुंदर दीक्षितांचे डोळे पेपरात होते, पण कान केव्हाच मागे वळले होते. तिथे एक बाप आपल्या तिसरीतल्या लेकीला रोमन अंक शिकवत होता.

“ओवी, हे पुढचे आजोबा म्हणजे एक्स. किती झाले?”

“दहा.”

“तू आय, म्हणजे एक. त्यांच्या मागे उभी आहेस.”

“अकरा!”

“आणि पुढे गेलीस तर? लहान मोठ्याच्या पुढे घुसला की वजाबाकी.”

“आजोबांचे नऊच? बिच्चारे!”

तेवढ्यात बापाचा मोबाइल वाजला.

“हो सर, हिंजवडीच्या रस्त्यालाच आहे...” फोन ठेवून तो दीक्षितांकडे वळला. “अहो काका, माझी मीटिंग आहे हो. तुमच्या पुढे उभा राहू का?”

“मला काय विचारता? गणित तुमच्याकडे आहे.”

“बाबा, नको ना! त्यांचं कमी होईल.”

“अगं, मी काय आय आहे का? मी मोठा आहे.”

“किती मोठा? आजोबांहून?”

दीक्षितांनी पेपरची घडी घातली.

“सांगा, सांगा. आम्हालाही कळू दे.”

“...नाही गं. मीपण आयच.”

“मग ये मागे. आता बारा!”