ज्युलियाचं एकच वाक्य

...आणि वर छापतात काय, तर ‘नवोदितांना मुक्त संधी’! अहो कसली मुक्त आणि कसली संधी, मुलुंडच्या त्या हॉलमध्ये आम्हाला टेकायला खुर्ची मिळेना! लेखक संमेलन म्हणे! तुम्हाला सांगते, रविवारची सकाळ, घरी ताजी कोलंबी आणून ठेवलेली, आणि मी, ही कुंदा, विमा कंपनीतली साधी बाई, रजेच्या अर्जापलीकडे जन्मात काही लिहिलेलं नाही... मी तिथे काय करत होते? तर सोबत! ज्युलियाची!

ज्युलिया म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. अंधेरीला मरोळ गावठाणात राहते, पणजोबांपासून तिथलीच. एकदा क्लेम तपासता तपासता मला हळूच म्हणते, “कुंदा, मी ना, कादंबरी लिहितेय.” मला वाटलं कोशिंबीर म्हणाली. म्हटलं, “मग त्यात दाण्याचं कूट घाल.” “कादंबरी गं! तीन वर्षं झाली!” तीन वर्षं! नवऱ्याला पत्ता नाही! मेलरॉय बिचारा समजत होता, बायकोला ऑफिसचं काम घरी आणायची खोड लागलीय!

तर या संमेलनात नवोदितांनी स्टेजवर तीन-तीन मिनिटं वाचायचं होतं, आणि समोर ऐकायला कोण? इरावतीबाई! ज्युलिया कॉलेजात असल्यापासून ज्यांच्या गोष्टी उशाशी घेऊन झोपते, त्या! मग काय, दिलं हिने नाव. आणि धरला माझा हात.

दारातच एका गृहस्थांनी आम्हाला पकडलं. हातात स्वतःच्याच कवितांचा गठ्ठा. “वाचा आणि सांगा. अगदी खरं सांगा हं... पण चांगलं सांगा!” त्यांच्या तावडीतून सुटतोय तो दुसरे. “तुम्ही लिहिता? वा, वा! मी काय लिहितो ते सांगतो.” आणि लागले की सांगायला! अहो, तिथे सगळे लेखक, वाचक औषधालाही नाही! प्रत्येकाला बोलायचंय, आणि ऐकायला मी! आणि आमची ज्युलिया? भारावलेली! “कुंदा, बघ ना गं, एवढी माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकेक गोष्ट!” म्हटलं, “हो ना, म्हणून चहाची रांग कुणाच्या डोक्यात शिरत नाहीये!”

तेवढ्यात मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई आल्या. हिच्या छातीवरचा बिल्ला वाचला. “ज्यु-लि-या? अय्या! आणि मराठीत लिहिता? तुमचं मराठी किती छान आहे हो!” माझी तर तळपायाची आग मस्तकात! म्हटलं आता हिला सुनावते... पण ज्युलिया हसून म्हणते, “थँक्यू. तुमचंही छान आहे.” टोमणा नाही हो, मनापासून! त्या बाई चार पावलं गेल्या आणि मध्येच थबकल्या. त्यांना कळेना, राग मानावा की आभार मानावेत. आणि ज्युलिया? भारावलेली! “काय गोड बोलल्या ना गं?”

मग भाषणं. स्वागत झालं, स्वागताचे आभार झाले, त्या आभारांवर एकांनी ‘थोडक्यात दोन शब्द’ सांगितले... त्या दोन शब्दांत माझा एक पाय मुंग्या येऊन मेला! “काय बोलतात ना!” ज्युलिया कुजबुजली. “तासभर तेच तर विचारतेय मी, काय बोलतात?”

आणि शेवटी माईकवर आला सूत्रसंचालक निहार. झब्बा कडक, आवाज त्याहून कडक. “वेळेअभावी नवोदितांनी कृपया... एकेकच वाक्य वाचावं.”

एक वाक्य! अहो, हॉलमध्ये हलकल्लोळ! ज्युलियाचा हात बर्फासारखा गार. “कुंदा, वाट लागली. चल ना घरी.” आणि तुम्हाला सांगते, का कोण जाणे, मलाच चेव आला. म्हटलं, “अजिबात नाही! कोलंबी टाकून आलेय मी! एक तर एक, पण वाचायचं!”

पहिल्या गृहस्थांनी वाचायला घेतलं, तर त्यांच्या वाक्याला पूर्णविरामच नाही! ‘आणि’, ‘परंतु’, ‘किंबहुना’... शेवटी निहारने माईक काढून घेतला, तरी चालूच! त्यांच्यानंतर सई नावाच्या मुलीने घाबरून नुसतं शीर्षक वाचलं आणि पळाली. मग आमची ज्युलिया. माईक तिच्या कपाळाला लागत होता. इरावतीबाई पहिल्या रांगेत, डोळे मिटलेले... मला वाटलं, गेल्या झोपी. ज्युलियाने वाचलं—

“गावातली विहीर बुजवायला मातीचा ट्रक आला, त्या सकाळी माझी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून विहिरीत उतरली आणि वर बघून म्हणाली, ‘टाका.’”

...

अहो, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला! कविता वाटणारे गृहस्थसुद्धा गप्प! रोज माझ्या डब्यातलं लोणचं खाणारी ही बाई... हिच्या पोटात एवढं होतं?

इरावतीबाईंनी डोळे उघडले. “मग?”

निहार पुढे धावला. “बाई, वेळेअभावी—”

“तू गप रे! बाई विहिरीत उभी आहे तिकडे! मग काय झालं गं? माती टाकली?”

ज्युलिया खाली मान घालून म्हणाली, “पुढचं... अजून लिहिलं नाही.”

“किती लिहिलंयस?”

“उरलेल्या वेळात तुमचे आभार मानणार होते... लिहिलंय एवढंच.”

एवढंच! तीन वर्षांत एक वाक्य! हॉलभर हशा, आणि मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आधी मीच आत जावं! पण इरावतीबाई हसल्या नाहीत हो. काठी टेकत स्टेजपाशी गेल्या. म्हणाल्या, “असं वाक्य हातून उतरलं असतं तर मीही घाबरून बसले असते. पण तीन वर्षं खूप झाली. आता लिही. मला कळायला हवं.” आणि हिच्या गार हातावर हात ठेवला. ज्युलिया? छे, ती रडत होती... भारावलेली मी होते!

परतताना रिक्षातूनच हिने नवऱ्याला फोन लावला. “मेलरॉय, मी लेखिका आहे!” पलीकडून आवाज, “बरं. येताना पाव आण.”

तेव्हापासून बाई जी सुटलीय! रोज जेवणाच्या सुट्टीत लिहिते आणि लिहिलेलं मला वाचून दाखवते. ट्रकवाल्याची भानगड झाली, सरपंचाचं लफडं झालं, पाद्रीबाबा समजूत घालायला येऊन गेले, शंभरावर पानं झाली, आणि काय लिहिते हो, घास हातातच राहतो! काल म्हटलं, “अगं, मावशी वर कधी येणार?” तर म्हणते, “थांब ना कुंदा, तिला आत्ता कुठे बोलायचं सुचतंय.”

आता काय करणार? माझी बदली आलीय बोरिवलीला, बढतीवर. नको म्हणून कळवलं. बाईमाणूस विहिरीत असताना जाणार कुठे!