बाबांची अक्षरं

दवाखान्यात माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. त्याच्या मांडीवर लॅपटॉप.

"आवाज गेल्यापासून बाबा टाइप करतात आणि तुझा प्रोग्राम बोलतो. मग अर्धी अक्षरं गिळतो कशी?"

"ताई, एक भाग दाबलेली अक्षरं रांगेत लावतो, दुसरा ती उचलून बोलतो. दोघांनी एकदम हात घातला की एखादं निसटतं."

"तपासलं नव्हतंस?"

"तपासलं ना. एका बोटाने."

"अरे, जन्मभर टायपिस्ट होते ते."

"आता रांगेला कुलूप घातलंय. एकाचं होईपर्यंत दुसरा थांबतो. कितीही भरभर टाइप करू देत."

"पाय हलवू नकोस सारखा. सांगितलंस त्यांना?"

"सकाळीच."

"मग?"

"'बरं झालं' म्हणाले. एका बोटाने, प्रत्येक अक्षरानंतर मशीनकडे बघत."