अहो म्हटलं की येतो

नाही नाही, दोरी खिशातच राहू द्या, आधी चहा घ्या — आणि पाय वर घ्या, तो बुटांच्या नाड्या खातो. जाहिरात आमच्या मिस्टरांनी दिली, मला न विचारता. 'छोटा घोडा, घरात वाढलेला, गरीब स्वभावाचा.' गरीब कसला! अर्धा सोफा खाल्लाय त्यानं. जिने मात्र चढतो हं, तीन मजले — लिफ्टमध्ये येत नाही, आरशात दुसरा घोडा दिसतो ना.

नाव? नाव नाहीये, तीच तर सगळी भानगड. आणला तेव्हा टेबलाएवढा होता — आताही टेबलाएवढाच आहे म्हणा — म्हटलं, नाव ठेवू सावकाश. आणि मी दिवसभर घरात काय ओरडत असते? अहो इकडे या, अहो पाय पुसा, अहो खाऊन घ्या. यांना एका हाकेत कधी ऐकू आलंय? हा मात्र टप टप टप हजर. त्याला वाटलं, आपलंच नाव. आणि मीही — काय करणार, हाकेला ओ देणारं कुणीतरी मिळालं की हो घरात. आता अहो म्हटल्यावर अरे-तुरे कसं करणार? त्यालाही तुम्हीच म्हणते.

तरी हे काही बोलले नव्हते. पण परवा रविवारी दुपारी मी पडले होते, पाय गार पडले होते, म्हटलं, अहो, या ना जरा जवळ. आणि हे आले हो! पेपर टाकून, चष्मा काढून, केसांवरून हात फिरवत आले. आणि मी — बोलू नये ते बोलले — 'तुम्हाला नाही!' हा आधीच पांघरुणात होता. दुसऱ्या दिवशी जाहिरात.

तेव्हापासून स्वयंपाकघरात बसून असतात. आत्ताही ऐकताहेत सगळं. तुम्ही याला न्याल, पण मग मी अहो म्हटल्यावर येणार कोण? थांबा, बघाच. अहो! — बघा, हाच आला. ते हलले नाहीत. त्यांना वाटतं, आपली हाकच गेली. सासूबाई त्यांना टिल्लू म्हणायच्या, सहा फुटी माणसाला. मी चाळीस वर्षांत एकदाही — लाज वाटते हो. जरा भिंतीकडे तोंड करा बघू.

टिल्लू!

ऐकलंत? खुर्ची सरकली. — अहो, तुम्ही नका टप टप मध्ये येऊ, शूः! — आले, आले ते. आता डोळे कशाला पुसताय? या, बसा इथं माझ्याजवळ. — आणि तुम्ही अजून बसलात होय? उठा. घोडा विकायचा नाहीये. जाताना दार ओढून घ्या.